आवडाबाईचा फोटो

१७ एप्रिल १९९९, शनिवार

सरकार पडलं. एका मतानं! सोसायटीच्या टीव्हीसमोर अख्खा कोळीवाडा तोंड उघडं टाकून बसलेला. आमच्या मच्छीमार सोसायटीत एका मतानं चहावालासुद्धा बदलत नाही.

सासरे म्हणाले, "आता नवीन येतील नि डिझेल वाढवतील." मी म्हटलं, बाबा, जुने राहिले असते तर काय फुकट वाटणार होते?

२ जून

बोट वर ओढली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत सुट्टी. बोटीचं नाव ‘आवडाबाई’ — सासूबाईंचं. बाबा रोज सकाळी तिला हात लावून येतात. जिवंतपणी बाईंशी धड बोलत नव्हते म्हणे.

धाकूला (नवऱ्याचं नाव इथे लिहायला मला कोण अडवतंय?) विचारलं, यंदा जाळी नवी घ्यायची का. म्हणाला, "बघू." हल्ली सगळ्याला बघूच. खाडीत जाळं टाकलं की निम्म्या प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात, त्यात माणूस बघणार तरी काय! सरकार डिझेलमागे परतावा देतं म्हणून बोट तरते. तो बंद झाला तर आवडाबाई भंगारात — हे सोसायटीची चिटणीस म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. अख्ख्या वाड्याचे परताव्याचे अर्ज मीच भरते.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला नौपाड्याचा गुरुदत्त आला. एका उमेदवार साहेबांचा माणूस. साहेबांना उल्हास नदीच्या काठचं बेट बघायचंय, तिथे ‘निसर्ग उद्यान’ करणार. बोट पाहिजे. पुढच्या रविवारीच, कारण नंतर साहेबांना वेळ नाही.

बाबा उसळले. "नारळ पडला नाय अजून दर्यात. बोट काढतंस कशी?" गुरुदत्त हसत म्हणाला, काका, आपण समुद्रात कुठे, खाडीत तर जायचंय. सोसायटीच्या चेअरमननी मान डोलावली — त्यांना जेट्टी हवी आहे. भाड्याचा विषय कोणी काढला नाही, म्हणजे फुकट. टाकीत परताव्याचं डिझेल आहेच शिल्लक.

१६ ऑगस्ट

बाबा बोलत नाहीत. घरात शांतता आहे. वाईटातून चांगलं.

२२ ऑगस्ट, रविवार

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

भरती साडेनऊची. धाकूनं गुरुदत्तला दहा वेळा बजावलेलं, सातला निघू. साहेब आले साडेदहाला! पांढरेशुभ्र कपडे, नवे बूट, सोबत पेपरचा फोटोग्राफर. मी चहाचा थर्मास घेऊन सोसायटीतर्फे. गुरुदत्त म्हणाला, "थोडं इकडे-तिकडे चालतं हो." धाकू म्हणाला, "पानी तुमच्या पार्टीत नाय, दादा. कोणासाठी थांबत नाय." तरी निघालो. चेअरमन किनाऱ्यावरून हात हलवत होते.

बेट दिवा गावाच्याही पुढे. रस्ता नाही, वस्ती नाही. तिवरं, चिखल आणि पक्षी. मी या घरात आल्याला एकोणीस वर्षं झाली, पण इथवर कधी आले नव्हते. छान आहे, खरंच छान आहे. बोटीच्या पुढच्या टोकाला उभं राहून साहेबांनी एका बगळ्याकडे बोट दाखवलं, फोटो काढला गेला. तेवढ्यात न्हाणीतलं पाणी निघून जावं तसं खालचं पाणी गेलं आणि आवडाबाई चिखलात बसली. साहेब उतरले ते गुडघाभर रुतले. एक बूट बेटालाच अर्पण.

पाच तास! पहिला तास साहेब देशाच्या परिस्थितीवर बोलले. दुसरा तास पक्षातल्या परिस्थितीवर. तिसऱ्या तासाला डायबिटीस आणि न बोलणारा मुलगा. त्यात आज श्रावणातली एकादशी, साहेबांचा उपास. बोटीत खायला काय, तर भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. तीन वाजता एकादशी बुडाली. दोन भाकऱ्या खाऊन म्हणाले, "वहिनी, हे कुठे बोलू नका." मी कशाला बोलू? लिहितेय फक्त.

धाकू मात्र खुशीत. हा खंड्या, हा ढोकरी, हा अमक्या महिन्यात येतो — फोटोग्राफरला एकेक सांगत होता. मग साहेबांना परताव्याचं सांगितलं. साहेब चटणी चाटत म्हणाले, "दुप्पट करतो."

साडेपाचला पाणी चढलं, तेव्हा सुटलो.

२३ ऑगस्ट

पेपरात फोटो! साहेब, बगळा आणि बोटीचं नाव, नंबर अगदी ठसठशीत. मी तीन पेपर घेतले. बाबांनी एक उशीखाली ठेवला, वर मला म्हणतात, मी नाय बघितला.

९ सप्टेंबर

परताव्याचा नवा अर्ज भरला. यंदा बोटीचा फोटो जोडायचाय, नाव-नंबर दिसेल असा. फोटोवाला नौपाड्याहून यायचे अव्वाच्या सव्वा मागतो. मी पेपरातलं कात्रण चिकटवलं. छापील, तारखेसकट! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन धाकूसमोर सहीला ठेवलं. जेवता जेवता केली त्यानं.

६ ऑक्टोबर

साहेब पडले. मतदान संपतंय न संपतंय तोच डिझेल वाढलं, तेही थोडंथोडकं नाही. बाबा सकाळपासून "मी बोललेलो" म्हणत वाडाभर फिरतायत. आता परताव्याशिवाय बोट लोटायचं नावच नको.

२० ऑक्टोबर

नोटीस आली. मासेमारी बंदीच्या काळात परताव्याचं डिझेल प्रवासी वाहतुकीला वापरलं, म्हणून ‘आवडाबाई’चा परतावा बंद. पुरावा — अर्जदारानेच जोडलेलं कात्रण, तारखेसकट.

मी. मी जोडलं. दुसऱ्यांच्या अर्जात काना-मात्रा तपासणारी मी!

बाबांना सांगितलं. शिवी देतील वाटलेलं. दिली असती तर बरं झालं असतं. उठले आणि बोटीपाशी जाऊन बसले. मला रडू आवरेना. धाकू म्हणाला, "झालं ते झालं," आणि चार घास जास्तच जेवला. पुरुषांना काळीज असतं की नुसतंच पोट?

२ नोव्हेंबर

चौथी फेरी मत्स्य खात्याच्या ऑफिसात. तिथल्या हेमा मॅडम बऱ्या आहेत. "मावशी, पुरावा तुम्हीच दिलात, मी काय करू?" म्हणाल्या. मग हळूच सुचवलं — भाडं घेतलं नाही, असं त्या साहेबांनी लिहून दिलं तर बघता येईल. मी हिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असेन फार तर. मावशी!

१० नोव्हेंबर, भाऊबीज

साहेबांकडे गेलेले. पडलेल्या माणसाकडे वेळ असतो. गुरुदत्त तिकडे आता फिरकत नाही म्हणे, दार साहेबांनीच उघडलं. स्वतःच्या हातानं दोन पानी पत्र लिहिलं. भाडं दिलेलं नाही, बोट माझ्या शब्दाखातर काढली, उशीर माझा, कुटुंबाला शिक्षा होऊ नये. वाचूनही दाखवलं. मत मी त्यांना दिलं नव्हतं. आज वाईट वाटलं.

निघताना विचारतात, "तो जवळा मिळेल का थोडा?"

२४ नोव्हेंबर

परतावा चालू! मॅडमनी ताकीद देऊन सोडलं. कागद पदरात घट्ट धरून स्टेशनपासून कोपरीपर्यंत जवळजवळ पळतच आले. बाबांनी तो कपाळाला लावला, वाचता येत नाही तरी दोनदा उलटून बघितला. मग मला म्हणाले, "पोरी, वाचवलंस गो तिला." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पोरी म्हणाले.

धाकू पेढा हातात घेऊन नुसता बसलेला.

२५ नोव्हेंबर

सकाळी ओट्यावर धाकू म्हणाला, "मंजुळा, तो फोटो मी तवाच बघितलेला. सही करताना."

मला कळेना. मग बोललात का नाही?

"बोट सोडतो, असं बाबांना कुठच्या तोंडानं बोलू? वाटलं, सरकारनंच सोडवलं तर बरं." दिवा गावात नळाचं पाणी सोडायच्या कामावर वाड्यातल्या परशुरामनं चिकटवलंय त्याला. एक तारखेपासून. हो म्हणून महिना झाला.

आतून बाबांनी हाक मारली, "धाकू, उद्या भरती पाच वाजता हाय. कितीला निघायचा?"