भगवंतरावांच्या गाडीचे स्टेअरिंग व माझी चीजवस्तू

लिहून ठेवणार मी, देवमन नत्थुजी खंडारे, वय वर्षे सव्वीस, धर्म बौद्ध, धंदा मोटारदुरुस्ती, मूळचा तेल्हाऱ्याकडचा, सध्या मुक्काम अमरावती, भगवंतराव देशमुखांच्या बंगल्यामागची खोली. आज मला ताप नाही, दारू मी पीत नाही, आणि हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, म्हणून अक्षर वाचता येण्यासारखे आहे. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते खाली लिहितो. याआधी असा कागद मी केलेला नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही.

सव्विसाव्या वर्षी हे कशाला, असे कोणी विचारील. परवा शुक्रवारी मी भगवंतरावांची इटालियन गाडी चिखलदऱ्याच्या घाटातून इंजिन बंद करून उतरवणार आहे. कारण कलम पाचमध्ये आहे.

कलम १. घर मला नाही. गावी वडिलांच्या नावाच्या दोन खोल्या व सव्वा एकर शेत आहे. त्यातला माझा हिस्सा आई सुंदराबाई हिला, तिच्यानंतर बहीण पार्वताबाई हिला. पोस्टाचे पुस्तकही आईला. मी घरी पत्र लिहीत नाही म्हणून ती रागावलेली आहे, तो राग रास्त आहे.

कलम २. सायकल भाच्याला द्यावी. ती शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या हंगामात घेतली. तिथे मी पेट्या ठोकायला आठ दिवसांसाठी गेलो आणि चार महिने राहिलो, कारण व्यापाऱ्याच्या ट्रकचा तिसरा गिअर आपोआप निसटत होता आणि तो का निसटतो ते कळेपर्यंत माझा पाय तिथून निघेना. कळल्यावर दुसऱ्या दिवशी निघालो. ब्रेकचे रबर बदलून घ्यावे. सायकलच्या ब्रेकचे.

कलम ३. ट्रंकेत कान तुटलेला एक पांढरा कप आहे. अकोल्याला ज्या गॅरेजमध्ये मी दोन वर्षे काम केले, तिथे माझ्या चहासाठी तो वेगळा खिळ्याला टांगलेला असे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, त्यानंतरही तो खिळ्यावरच राहिला. काम सोडताना मी तो घेऊन आलो. तो गॅरेजमालकाला परत करावा व पोच घ्यावी.

कलम ४. खोलीतल्या पाटाखाली ऑइलच्या फडक्यात एक लोखंडी दांडी गुंडाळलेली आहे. ती भगवंतरावांच्या गाडीच्या मूळ स्टेअरिंगची आहे. ती गाडीसोबतच राहावी, भंगारात जाऊ नये.

ही गाडी त्रेपन्न सालची, दोन माणसांची, राखी रंगाची. भगवंतरावांनी ती मुंबईच्या एका पारशाकडून घेतली. अशा गाड्यांना साधेच स्टेअरिंग येते. मोठे लाकडी चाक, आणि ते उभ्या गाडीत फिरवायचे तर खांदे भरून येतात. पण गाडी एकदा पळायला लागली की चाक हलके होते, आणि रस्त्यावर खडा आला, मुरूम आला, ओल आली, की तळहाताला कळते. भगवंतरावांचे ड्रायव्हर पुंजाजी सिरसाट आठ वर्षे ती चालवत होते. बडनेरा रोडवर डोळे मिटून कुठे डागडुजी झाली ते सांगतो, असे म्हणत. मी एकदा मिटायला लावले. तीनपैकी दोन बरोबर सांगितल्या.

दोन वर्षांपूर्वी भगवंतरावांचा डावा हात वारे जाऊन लुळा पडला. एका हाताने ते चाक फिरत नाही. नागपूरला एका मोडीत निघालेल्या अमेरिकन गाडीचे पॉवर स्टेअरिंग मला मिळाले: इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, दोन रबरी नळ्या, आणि दांडीला जोडायचा एक सिलिंडर. पंप तेल ढकलतो आणि तेल चाक वळवते. अडीच महिने खपून मी ते बसवले. भगवंतरावांनी बंगल्याच्या आवारात एका बोटाने गाडी वळवली आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत.

पुंजाजींना ते पटले नाही. म्हणाले, "याच्यात रस्ता बोलतच नाही. चाक फिरवून राहिलो का डब्यातली भाजी हलवून राहिलो, समजत नाही."

भगवंतराव म्हणाले, "पुंजाजी, तुह्या हाताशी रस्ता बोलते. माह्या हाताशी दोन वर्षांपासून कोनीच बोलत नाही."

माझ्या मते दोघेही खरे बोलत होते. मला कोणी विचारले नाही.

कलम ५. हे कलम वस्तूंचे नाही.

वऱ्हाडात ड्रायव्हर शिकतो तो कापसाच्या ट्रकवर. आणि पहिली गोष्ट शिकतो ती ही की उतार लागला की चावी बंद करायची. गाडी आपल्या वजनाने उतरते, पेट्रोल वाचते. साध्या स्टेअरिंगला त्याने काही फरक पडत नाही. पॉवर स्टेअरिंगचे तसे नाही. इंजिन बंद की पंप बंद, आणि मग ते सगळे तेल हातानेच ढकलावे लागते. चाक पहिल्यापेक्षाही जड होते. आवारात इंजिन बंद असताना चाक जागचे हलत नाही, हे मी पाहिले होते. बंद गाडी आवारात कोण वळवते, म्हणून सोडून दिले. एका बोटाने फिरते हे मात्र चार लोकांना दाखवले.

ऑगस्टमध्ये पुंजाजी चिखलदऱ्याहून एकटेच गाडी घेऊन उतरत होते. तिसऱ्या वळणावर गाडी वळली नाही, दगडी कठड्याला लागली. उजव्या खांद्याचे हाड मोडले. निरोप आल्यावर पहिला मी पोहोचलो. पुंजाजींना परतवाड्याला नेले होते. गाडीची चावी बंद होती. मी ती चालूवर फिरवली, म्हणजे पंप बंद होता हे कोणाला कळू नये. मग बाकीचे लोक आले.

पुंजाजी बासष्ट वर्षांचे आहेत. सगळे म्हणाले, वय झाले. तेही तेच म्हणायला लागले. "माहे हात गेले आता. चाक धरलं, अन फिरलंच नाही." हाड जुळले, पण त्यानंतर त्यांनी कुठल्याही गाडीचे चाक धरलेले नाही. शेजाऱ्याची बैलगाडीसुद्धा हाकत नाहीत. मी तीन महिने गप्प बसलो. गाडी मीच दुरुस्त केली.

येत्या रविवारी भगवंतराव ती गाडी स्वतः चिखलदऱ्याला नेणार आहेत. तेही ट्रकवरच शिकलेले आहेत. म्हणून शुक्रवारी मी त्याच वळणावर इंजिन बंद करून पाहणार. चाक फिरले, तर पुंजाजींचेच हात गेले होते आणि सांगण्यासारखे काही नाही. नाही फिरले, तर हा कागद सांगेल.

कलम ६. पान्यांचा पूर्ण संच, जॅक व इटालियन गाडीच्या नटांना बसतील असे मी घासून केलेले चार पाने पुंजाजी सिरसाट यांना.

कलम ७. जिथे मरेन तिथेच जाळावे. गावी नेऊ नये, खर्च होतो. बुद्धवंदना म्हणावी, बाकी काही करू नये.

इथपर्यंत सकाळी लिहून कचेरीसमोर लोकांचे अर्ज-दस्त लिहून देणाऱ्या खुशालराव अर्जनवीसांकडे नेले. त्यांनी सर्व वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "तू मेला तं पुंजाजीले खरं समजीन. अन तू वाचला तं हा कागद कोन वाचते?"

मी म्हणालो, ट्रंकेत राहील.

"म्हंजे तुहा जीव वाचला तं त्याचे हात गेलेलेच राहतीन. अन चाक कसंबसं फिरलं तं रविवारी भगवंतराव एका हातानं तिथंच. लय चांगला कागद हाय बापू."

मग म्हणाले, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक ते स्वतः होतील, दुसरा पुंजाजीला बोलाव. मजकूर साक्षीदाराला वाचून दाखवायचे बंधन नाही, पण ते दाखवतील. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, भांडणे होतात, असेही ते म्हणाले. म्हणून कलम ६ बदलून औजारे पुंजाजींची मुलगी सुभद्रा हिला दिली आहेत. ती विकली तरी चालतील. घासलेले चार पाने विकू नयेत.

पुंजाजी एक वाजता आले. खुशालरावांनी मोठ्याने वाचले. कपाच्या कलमाला पुंजाजी हसले. कलम पाच दोनदा वाचायला लावले.

"चावी तू फिरवली?"

"व्हय काका."

"मी बंद केली होती का नाही, हे मलेच आठवत नव्हतं. कोनाले आठवत नाही ते. श्वास घेतल्यावानी असते." मग म्हणाले, "तीन महिने मी घरात चहाची बशी दोन हातानं धरून राहिलो, लेका."



पुंजाजी उठले. "चाल, मालकाले सांगू. सही मंग."

आम्ही तिघे बंगल्यावर गेलो. भगवंतराव ओसरीवर होते. मी उभा राहून सर्व सांगितले, चावीसकट. ते म्हणाले, "मी बी बंदच केलं असतं. पहिल्या वळणाच्या आधीच."

पुंजाजी म्हणाले, "मालक, जुनी दांडी याच्याजवळ हाय. हा लावून देईन."

"नोको. हे राहू दे. हे नसलं तं मी नुसता बसूनच जाईन. इंजिन चालू ठेवाचं, जळू दे पेट्रोल. रविवारी घाटात तू चालव. खाली परतवाड्यापाशी चाक माह्याकडं दे." मग माझ्याकडे वळून, "तू या महिन्याच्या शेवटी खोली खाली करून दे."

मी होय म्हणालो. नांदगाव पेठेकडे एक ट्रकवाला हाताखाली माणूस शोधतो आहे असे ऐकले आहे. पत्ता कळला की कळवीन.

परत कचेरीसमोर आलो. शुक्रवारचा बेत खोडला आहे व खोडलेल्या जागी सही केली आहे. आता मृत्युपत्राचे कारण उरले नाही, असे खुशालराव म्हणाले. पुंजाजी म्हणाले, "राहू द्या. हा कुठं बी जाते, कुठं बी मरन. लिहिलेलं हाय तं कामी येईन."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, व तो मला कबूल आहे.

मुक्काम अमरावती, बुधवार, दिनांक ११ नोव्हेंबर १९६४, संध्याकाळी पाच.

सही: देवमन नत्थुजी खंडारे

आमच्यासमोर सही केली म्हणून साक्ष:

१. खुशालराव माणिकराव इंगोले, धंदा अर्जनवीस.

२. पुंजाजी सखाराम सिरसाट, धंदा ड्रायव्हर. (अर्जनवीसांनी येथे "काही नाही" असे लिहिले होते. ते साक्षीदाराच्या सांगण्यावरून खोडले आहे.)