अळणी पेज

मंगळ., ३ ऑगस्ट १९५४
दवाखाना उघडायच्या आधीच दारात खाट. चौघांनी खांद्यावरून आणलेली. यशोदा, वय वीस. परवा भाताच्या रोवणीत दिवसभर बोडीचं, म्हणजे शेततळ्याचं पाणी प्यायली, कालपासून हगवण आणि उलट्या. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडीठाक, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. नाडी सापडायला वेळ लागला. चार महिन्यांचं लेकरू सासूच्या कडेवर.
सासू कौसल्याबाई सांगते, "एक थेंब पानी नाई देलं बाई. देलं का बाहेरच येते." शाबासकीची वाट बघत असल्यासारखी. मी ओरडलेच. ओरडायला नको होतं.
डॉ. सा. नशिबाने आज इथेच होते (सोम-मंगळ येतात, मग आठवडाभर मी, नर्स, आणि कंपाउंडर). सलाइनच्या होत्या त्या दोन्ही बाटल्या लावल्या. जाताना म्हणाले, "गोंदियाहून मागवतो. तोवर तोंडानेच द्या." तोवर म्हणजे सोमवारपर्यंत.

बुध., ४
वहीत पान आखलं. डावीकडे 'आ', म्हणजे आत गेलेलं. उजवीकडे 'बा', बाहेर आलेलं. माप एक गडवा, छोटा तांब्या.
सकाळभर कौसल्याबाईशी भांडण. "पानी पाजून मारून राहिली का बाई तिले?" मी म्हटलं, तहानेनं मारण्यापेक्षा बरं. लागलं तिला. दुपारी कुठे "द्या मंग" म्हणाली.
चमचा चमचा. उलटी झाली की थोडं थांबून पुन्हा. कौसल्याबाई घरून पेज करून आणते, तीही देतेय.
संध्याकाळी लघवी झाली! वहीत मोठ्या अक्षरात लिहिली.

गुरु., ५
'आ' पुढे, 'बा' मागे. नाडी बरी. डॉ. सा.ना चिठ्ठी पाठवली, बाटल्या सावकाश आल्या तरी चालेल. जरा मिरवलंच म्हणायचं.

शुक्र., ६
काहीतरी चुकतंय.
हगवण कमी, तरी यशोदा उतरत चाललीय. पोटऱ्यांत गोळे येतात, किंचाळते. मग सुस्त पडून राहते. दुपारी लेकरू तिच्या कुशीत ठेवलं तर बघत राहिली. "हे कोनाचं व?" कौसल्याबाई बाहेर जाऊन रडली. मी आतच राहिले.
वही तीनदा तपासली. पाणी बरोबर जातंय. मग काय?

शनि., ७
सापडलं. माझंच.
सकाळी पेजेचं भांडं विसळताना बोट बुडवून चाखलं. अळणी. ठार अळणी.
कौसल्याबाईला विचारलं. म्हणाली, "मातामाय बसली ना घरात. यशोदा उठेपरेंत घरात मीठ नाई, मी जबान देली." हगवण म्हणजे देवीचा कोप, म्हणून अळण्याचा नवस. म्हणजे मंगळवारच्या दोन बाटल्यांनंतर मिठाचा कण नाही! मीठ हगवणीतून बाहेर, आणि आत माझं नुसतं पाणी. पेज रोज मापली, चाखली एकदाही नाही. नागपुरात शिकताना बाटलीत मीठ असायचंच, कोणी घातलं ते विचारावं लागत नव्हतं. आणि मी वर चिठ्ठी पाठवते!
कपाटात मीठ आहे. गुपचूप टाकावं असं मनात आलं, खोटं कशाला लिहू. पण सासू प्रत्येक पेज आधी स्वतः चाखते. तिला कळलं तर खाट उचलून घरी नेईल, मग संपलंच.
शेवटी समोर बसले. विचारलं, जबान कोणी दिली?
"मी."
यशोदेनं?
"तिले कुठी सुद होती."
मग अळणं कोणी पाळायचं?
लेकरू रडलं, त्याला थोपटलं. मग म्हणाली, "टाका मीठ. तिच्या वाट्याचं अळणं मी खातो. उठेपरेंत नाई, सव्वा महिना." मी घाईत हो म्हटलं. मला तेव्हा फक्त मीठ दिसत होतं.
पेज आसवाइतकी खारट केली, त्याहून जास्त नाही. वरून गूळ. दिवस मावळेपर्यंत चार गडवे.

सोम., ९
डॉ. सा. बाटल्या घेऊन आले. एक लावली. वही वाचून एवढंच म्हणाले, "मिठाचा रकाना कुठंय?" त्यांच्यासमोर तिसरी रेघ मारली. कान गरम झाले होते.
दुपारी यशोदा आपण होऊन बोलली. "याले दूध पाजलं का कोनं?" मी वहीत काहीच लिहू शकले नाही, डोळे भरून आले.

गुरु., १२
घरी गेली. बैलगाडीपर्यंत आपल्या पायांनी. कौसल्याबाई जाताना म्हणाली, "बाई, तुमी लय तोंडाच्या आहा." यापेक्षा मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.

मंगळ., १७
यशोदा लेकराला घेऊन आली. मला वाटलं, दाखवायला. "आत्याबाई धानाच्या बांधीत चक्कर येऊन बसल्या," म्हणाली. तशीच तिच्यामागे गेले.
कौसल्याबाई शेताच्या कडेला, धुऱ्यावर. पाय चिखलात, पोटऱ्या दोन्ही हातांनी दाबून धरलेल्या. दिवसभर ओणवं राहून रोवणी, अंगावरून घामाच्या धारा, आणि दोन आठवडे मीठ नाही. "कायले आल्या बाई? गोळे येऊन राहिले, जातीन."
मीठ घ्या म्हटलं. मान हलवली. "जबान मोडली तर मातामाय तिले नेईन." यशोदा बाजूलाच उभी होती. सुनेचा वाटा सासूच्या अंगावर घालणारी मीच.
नवं पान आखलं. नाव कौसल्याबाई. आ, बा, मीठ. तिसरा रकाना कोरा.
उद्या सकाळी कौसल्याबाईला घेऊन मातामायच्या ठाण्यावर, देवीपुढे जाणार. सुनेचा वाटा सासूला चालतो, तर सासूचा नर्सबाईला का चालू नये? तिथंच देवीला विचारायला लावते, कौसल्याबाईच्याच तोंडून. उरलेले अळणे दिवस मी घेते. मी सावलीत बसणारी, मला काही होत नाही. ऐकेल का, माहीत नाही.
आज वरणात मीठ घातलं नाही. तीन घास गेले. चौथा अजून ताटात आहे.