ऑगस्ट ते फेब्रुवारी

बाबा,

तुमच्या पेपरातून गेल्या आठवड्यात फोन आला. रविवारची पुरवणी आता एक तरुण उपसंपादक पाहतो. तुमची त्या जपानी आजींवरची लेखमाला त्यांना ऑगस्टमध्ये पुन्हा छापायची आहे. टीव्हीवर सध्या जो तो अणुबॉम्बच्या गोष्टी करतो आणि तो पडल्यावर माणसांचं काय होतं हे कुणालाच आठवत नाही, असं त्यांच्या संपादकांचं म्हणणं. माझी परवानगी हवी होती आणि शेवटी तज्ज्ञ म्हणून माझ्या चार ओळी. "वडील पत्रकार, तुम्ही रेडिएशनवाल्या. आमचं काम एकाच घरात झालं, मॅडम," असं तो हसत म्हणाला. मी हो म्हटलं. त्याला मजकूर शोधत बसावं लागू नये म्हणून अकोल्याहून आणलेली कात्रणं काढली आणि वाचायला बसले. मी ती आत्ता वाचायला नको होती. त्याचं कारण पेपरवाल्यांना सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी बीएस्सीला होते. पुढचं तुम्हाला माहीत नाही. मी आता अमरावतीत एका रुग्णालयात कॅन्सरच्या विभागात आहे. डॉक्टर नाही. कुठल्या रुग्णाला किरणं किती द्यायची, कुठून आणि किती वेळ, याचं गणित मी मांडते. मशीन बरोबर चालतं की नाही हे तपासते आणि त्याच्याजवळ काम करणाऱ्यांना अपाय होत नाही ना, यावर लक्ष ठेवते. त्यासाठी ज्या मर्यादा आम्ही पाळतो, त्या बऱ्याच अंशी हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या माणसांमुळे ठरल्या. त्या माणसांची आयुष्यभर तपासणी होत राहिली. त्या दिवशी जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांचीही झाली. शिकताना मी त्यांचे आलेख काढले आहेत. तुमच्या आजी त्या आलेखात कुठेतरी असू शकतात हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी आलेख तसाच काढला असता.

दोन महिन्यांपूर्वी आमचं कोबाल्टचं मशीन अडकलं. त्यात किरणोत्सर्गी कोबाल्टचा एक तुकडा असतो. उपचार झाला की तो जाड आवरणात मागे सरकतो. त्या दिवशी सरकला नाही. दारावरचा लाल दिवा तसाच राहिला. आत पलंगावर धामणगावचे एक आजोबा होते. डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून तो पलंगाला खिळवलेला असतो, म्हणजे त्यांना आपलं आपण उठता येत नव्हतं. अशा वेळी काय करायचं याचा सराव आम्ही नेहमी करतो, आणि तो सराव मीच घेते. मी आत गेले, झोताच्या बाहेर राहून वाकले, मुखवटा सोडवला, त्यांना बाहेर आणलं, दार बंद केलं. "आज लौकर झालं, मॅडम," आजोबा म्हणाले. खिशातल्या मापकाने लहानसा आकडा दाखवला. अंगावरचा, किरणांची नोंद ठेवणारा बॅज तपासणीला पाठवला. सगळं नियमाप्रमाणे झालं आणि यात चूक कुणाचीच नव्हती. त्यानंतर दोन आठवड्यांनी मला कळलं की मला दिवस गेले आहेत, आणि त्या दुपारीही गेलेले होते.

आता यातली अडचण तुम्हाला पत्रकार म्हणून कळेल अशी सांगते. मापक आणि बॅज, दोन्ही छातीवर असतात. मी पलंगावर वाकले होते. पोटाजवळचा आकडा कुठल्याच यंत्राने मोजलेला नाही. तो अंतर आणि वेळ धरून मांडावा लागतो. मी मांडला. लहान आहे. काळजी करावी अशा कुठल्याही आकड्याच्या जवळपासही तो जात नाही. दुसऱ्या कुणा बाईचा असता तर मी तिला दोन वाक्यांत घरी पाठवलं असतं. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "यातलं तुम्हीच मला सांगायचं ना! बॅजचा अहवाल येऊ द्या, मग बोलू." म्हणजे काय बोलायचं, ते त्यांनीही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझा नवरा तुम्ही पाहिलेला नाही. तंत्रनिकेतनात शिकवतो, शांत माणूस आहे. तो रोज संध्याकाळी स्कूटर लावताना विचारायचा, "मेल आला?" मी नाही म्हणून मान हलवायची.

असं चाललेलं असताना मी तुमचे लेख वाचत होते.

ते दोन दिवस मला चांगले आठवतात. मी चौथी-पाचवीत असेन. आजी अमरावतीला कुठल्याशा कॉलेजात भाषणाला आल्या होत्या. मंचावरचं ऐकून तुमचं भागलं नाही, म्हणून तुम्ही त्यांना आणि त्यांच्या दुभाष्याला भाड्याच्या गाडीत घालून अकोल्याला घरी आणलंत. दुभाषी नागपूरचे निवृत्त इंजिनिअर, उमेदीची बरीच वर्षं जपानात काढलेले. बैठकीत कूलरसमोर आजी बसलेल्या आहेत, लहानशा, ताठ. डाव्या हाताची कातडी मनगटापासून वर ओढल्यासारखी. तुम्ही खाली सतरंजीवर. तुम्ही विचारता, दुभाषी विचारतात, आजी बोलतात, थांबतात, पुन्हा बोलतात. तुम्ही लिहीत नाही, फक्त ऐकता. रात्री आठवून लिहायचं ही तुमची पद्धत. आई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबलेली. आजी म्हणाल्या की त्या सकाळी त्यांना तिसरा महिना होता. दुभाष्यांनी ते मराठीत सांगितलं आणि आई तिथूनच म्हणाली, "अवं माय! मंग?" तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाही. "मधे बोलू नकोस. तार तुटते," एवढंच म्हणालात. आई ट्रे ठेवून आत गेली. पुढचा प्रश्न तुम्ही विचारलात तो नदीबद्दल.

लेख सुंदर आहेत, बाबा. मी सहज कुणाचं कौतुक करत नाही. आजींचं बोलणं तुम्ही आपल्या वऱ्हाडीत लिहिलंत. संपादक म्हणाले, ही काय जपानी बाई आहे की दर्यापूरची? तुम्ही ऐकलं नाही. ती साधी शिवणकाम करणारी बाई, ती पुस्तकी बोलली तर मेल्यासारखी वाटेल, असं तुमचं म्हणणं. "आंगावरचं लुगडं कोनतं अन् कातडं कोनतं, काईच समजे ना," हे वाक्य आजही मला सलग वाचता येत नाही. जपानी बाईच्या अंगावर लुगडं कसं, असंही कुणी विचारलं नाही. उलट बार्शीटाकळीहून एक काकू गोधडी आणि करंजाच्या तेलाची बाटली घेऊन थेट कार्यालयात आल्या. जळालेल्या कातडीले गुन येते म्हणाल्या, अन् थ्या आजीबाई कोन्या गावच्या? तुम्ही सांगितलंत, काकू, त्या जपानच्या. तर म्हणाल्या, "काहून खोटं बोलता, भाऊ? बोलते त आमच्या बार्शीटाकळीवानी!" हे तुम्ही कितीतरी दिवस जेवताना सांगायचात आणि स्वतःच हसायचात.

तर त्या लेखमालेत तो दिवस आहे. सकाळचा प्रकाश, पडलेलं घर, नदीकाठ, पाणी मागणारी माणसं, संध्याकाळचा आभाळाचा रंग. तीन रविवार नुसता एक दिवस. त्यानंतर एक वाक्य: "फेब्रुवारीत तिला मुलगी झाली." आणि लगेच पुढच्या परिच्छेदात आजी म्हाताऱ्या झालेल्या आहेत आणि शांततेबद्दल बोलत आहेत.

मी ते वाक्य पुष्कळदा वाचलं. ऑगस्ट ते फेब्रुवारी तुम्ही एका पूर्णविरामात घातलंत. त्या महिन्यांत शहरातल्या माणसांचे केस गळू लागले होते, न भाजलेली माणसंही मरत होती; हे तुम्हीच आधी लिहिलं आहे. आणि ही बाई पोट घेऊन त्यात वावरत होती. ती सकाळी उठून काय करायची? कुणाला काय सांगायची? तुम्ही समोर बसला होतात. विचारायचं नाही असं ठरवलं होतंत, की तुम्हाला ते सुचलंच नाही? मला राग आला, आणि तो कुठे नेऊन ठेवावा हे कळेना. तुमच्यासारख्या ऐकणाऱ्या माणसाने हे ऐकलं नाही याचा राग.

रविवारी एसटीने अकोल्याला गेले. आई स्वयंपाकघरात चिवळाची भाजी निवडत होती. मी पण बसले. निवडता निवडता म्हटलं, "तुले त्या जपानी आजी आठवतात?"

"न आठवाले काय झालं? माह्या हातचा गोळाभात दोन खेपा मांगून खाल्ला तिनं. तुह्या बापानं जल्मात एकदा चांगला म्हनला नाई."

"त्यायले तवा दिवस होते. मधल्या महिन्यांचं बाबांनी काहीच नाही लिहिलं. तुले काही माहीत आहे?"

आईचे हात थांबले. "लेखासाठी पाह्यजे का पोटासाठी?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि भाजीची परात बाजूला सरकवली. मग मी सांगितलं, दिवस गेले आहेत म्हणून. ती उठली, देवापुढे साखर ठेवली, तीच साखर माझ्या तोंडात घातली, आणि पुन्हा बसून अगदी कालची गोष्ट असावी तशी सांगू लागली.

दुसऱ्या दुपारी तुम्ही जेवून कूलरसमोर झोपला होतात. आईने आजींना आणि दुभाष्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "थ्या भाऊले म्हनलं, इचारा, थे महिने कसे काढले. त लाजून लाल. म्हने, वहिनी, असं कसं इचारू? म्या म्हनलं, तुमाले फक्त इचाराचं हाय, भाऊ, बाळंत तं नाई ना व्हाचं!" दुभाष्यांनी विचारलं. आजी म्हणाल्या, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

कापड मिळत नव्हतं. त्यांच्याकडे एकच तुकडा होता, बहिणीच्या कपड्याचा. त्याचं त्यांनी बाळासाठी अंगडं शिवलं. शिवून झालं की उसवायचं. दोरा गुंडाळून ठेवायचा आणि परत शिवायचं. "येवढं येवढंसं अंगडं. रोज. कपडा गाळनीवानी झाला म्हने, सुईच्या भोकाईनं." शेजारच्या बाया आधी विचारपूस करायच्या, मग लांबून जाऊ लागल्या. आजीही कुणाशी बोलल्या नाहीत. मुलगी झाली, धडधाकट. शाळेत शिक्षिका झाली. तिच्या लग्नात सोयऱ्यांना त्यांनी आपण त्या दिवशी त्या शहरात होतो हेच सांगितलं नाही.

"मंग भेव कवा गेलं?" मी विचारलं.

"थे बी म्या इचारलं." आई परात पुढे ओढत म्हणाली. "म्हने, पोट्टी पन्नाशीची झाली, तिले सर्दी झाली का मी अजून झोपत नाई."

"बाबांना सांगितलं होतंस हे?"

"सांगतलं ना, उठल्याबरोबर. त म्हनले, हे बायकांचं हाय, लेखात कुठं बसवू?" आणि तुमची बाजू घ्यायची सवय गेलेली नाही म्हणून, "तवा तसंच होतं व. त्यायले तरी कोनं शिकवलं होतं?"

परत आल्यावर मी उपसंपादकाला फोन केला. त्या वाक्यानंतर आईचं सांगणं तिच्या बोलीत, तिच्या नावाने छापावं, तरच परवानगी. तो म्हणाला, सरांच्या लेखात हात कसा घालायचा? मी म्हटलं, सरांना तेव्हा हे सांगितलेलं होतं. तो हो म्हणाला. आईला कळवलं तर "माहं नाव? पेपरात? बाप्पा!" आणि दुसऱ्या मिनिटाला, छापायच्या आधी वाचून दाखव.

बॅजचा अहवाल परवा आला. आकडा माझ्या अंदाजाहूनही कमी. डॉक्टर फोनवर एकदम मोकळं बोलू लागल्या, लोहाच्या गोळ्या, पुढची सोनोग्राफी. नवऱ्याने पेढे आणले. मी पेढा खाल्ला, आणि छातीवरच्या नव्या आकड्यावरून पोटाचा हिशोब पहिल्यापासून मांडला. उत्तर आधीहूनही लहान. काल जेवणाच्या सुट्टीत पुन्हा मांडला. तेच.

आज सकाळी मशीनच्या खोलीबाहेर एका रुग्णाची सून उभी होती, सहावा-सातवा महिना असेल. "मॅडम, मी अथी बसली तं चालते ना? लेकराले काई होत नाई ना?" मी म्हटलं, भिंत खूप जाड आहे, काळजीचं काही कारण नाही. ती लगेच बाकावर बसली आणि डबा उघडून खाऊ लागली. मी बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिला तो पुरला.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. आईला मी दिवस गेल्याचं सांगितलं. मशीनचं सांगितलेलं नाही, अहवाल आल्यावरही नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "सारं बरं हाय ना व?" ती विचारते. हो, आई, मी म्हणते, आणि तू काय केलंस जेवायला, ते विचारते.