समतोल स्थिरांकाचा माफीनामा

अमरावती, ७ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. गीताआत्यास,
वर्षालीचा सा. न.

वसतिगृहात मोबाईल जमा असतो, म्हणून पत्र. केमिस्ट्रीच्या चाचणीत चुनखडी तापवून चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतात, त्याचा समतोल स्थिरांक लिहायचा होता. मी फक्त कार्बन डायऑक्साइडची संहती लिहिली. घन पदार्थ सूत्रात घ्यायचा नाही, हे तूच शिकवलंस. चुना आणि चुनखडीही सूत्रात हवी, म्हणून सरांनी शून्य दिलं. पुस्तकातलं पान दाखवलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, भाजीवाल्याच्या पोरीनं मला शिकवू नये. माफीनामा देईपर्यंत प्रयोगशाळा बंद. मी दिला नाही. मग त्यांनी बाबांना बोलावलं, आणि माझं उत्तर चुकीचं होतं असं बाबांनीच लिहून सही केली. सरांपेक्षा मला बाबांचा राग आलाय. दिवाळीला घरी जाणार नाही.

उत्तर धाड, माया असू दे.
तुझी वर्षाली

अकोला, १० ऑक्टोबर

चि. योगेशास,
ताईचे अ. उ. आ.

वर्षालीचं पत्र आलं. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहिते. मी बावीस वर्षं हाच धडा शिकवते आहे. चुना ढीगभर असो की चिमूटभर, त्याची संहती तीच राहते. म्हणून सूत्रात एकटा वायू येतो. पोरीचं उत्तर बरोबर आहे. मास्तर चुकू शकतो, मीही चुकते. पण त्यानं आपल्या धंद्यावरून तिला बोलावं आणि मान तू खाली घालावीस? काहून? तो कागद परत आणल्याशिवाय भाऊबीजेला मी येणार नाही.

रागावले आहे, तरी तब्येतीला जप.
ताई

पातूर, २१ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस,
योगेशचा शि. सा. न.

प्रॅक्टिकलचे मार्क त्या सरच्या हातात, म्हणून भेलो अन सही केली. शनिवारी वांग्याची तोड सोडून अमरावतीले गेलो. वर्षालीले म्हणलं, मले ते गणित समजावून दे. ती रागातच होती, पण तिनं वहीत दोनदा लिहून दाखवलं. मग प्राचार्यांच्या खोलीत सरसमोर उभा राहिलो. म्हणलं, "माफीनामा माझा हाये, पोरीचा नाही. तिचं उत्तर बरोबर हाये. कागद परत द्या." सर म्हणे, तुमाले केमिस्ट्रीतलं काय समजते. मी पुस्तक उघडून प्राचार्यांपुढं ठेवलं, अन चुना काहून लिहायचा नाही ते अडखळत सांगितलं. प्राचार्यांनी कागद दिला, पेपर पुन्हा तपासाले लावला. सरनं माफी मागितली नाही.

बाहेर वर्षालीनं तो कागद फाडला. म्हणे, "बाबा, सही कराच्या आधी मले एकदा इचाराचं होतं." अन प्रयोगशाळेत निघून गेली.

ओवाळाले ये. आणखी बोलायचं असंल तं तेही बोल.
तुझा योगेश