बसवेश्वर डान्स बँडाची संथ चाल

मी, राजशेखर बसप्पा कलशेट्टी, वय ब्याऐंशी, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. उजवा कान गेला आहे, पण तो चुलतभाऊ गुरुशांत याच्या ट्रंपेटशेजारी अकरा वर्षं ड्रम वाजवल्यामुळे. मृत्युपत्राला कान लागत नाही, असं वकील म्हणतात.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी पत्नी दानेश्वरी हिला, तिच्या पश्चात मुलगा सिद्धलिंग याला. यावर कोणी तोंड वाजवू नये.

कलम दोन. बँडाचे लाल कोट, सात नग. लग्नाच्या बँडवाल्यांनी मागितले तर खुशाल द्यावेत, आमचे वडील त्यांच्यातूनच आले. नाटकवाल्यांना देऊ नयेत. ते परत आणत नाहीत.

कलम तीन. वडिलांचं क्लॅरनेट नात आरोही हिला. ती रोज दोन तास वाजवते आणि शेजाऱ्यांना भीत नाही. पण क्लॅरनेटबरोबर इतिहासही जातो. वकिलांनी तो गाळायला सांगितला. मी गाळणार नाही.

सन १९३६. रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात शनिवारी नाच असे. मुंबईचा बँड येईनासा झाला, तेव्हा एका साहेबाने वडिलांना जॅझची एक तबकडी दिली आणि महिन्याची मुदत दिली. वडिलांनी लग्नाच्या बँडातली सहा माणसं घेऊन श्री बसवेश्वर डान्स बँड काढला. इंग्रजी नोटेशन कोणाला येत नव्हतं. जुन्या ग्रामोफोनवर तबकडी पुन्हा पुन्हा लावून वडिलांनी प्रत्येकाचा भाग कन्नड अक्षरांत, सारेगम करून वहीत उतरवला. ग्रामोफोनची स्प्रिंग थकलेली आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. धावणारी तबकडी चालत होती. आमच्या लोकांनी चाल तशीच संथ बसवली.

पहिल्या शनिवारी साहेबलोक एकमेकांकडे बघत राहिले. असल्या चालीवर उड्या कशा मारायच्या? मग कधीच न नाचणारं एक म्हातारं जोडपं उठलं, आणि त्यांच्यामागे सगळा हॉल. साहेब देश सोडून जाईपर्यंत लोक 'शोलापूरची चाल' मागून घेत. मुंबईचा बँड एकदा परत आला आणि त्यांनी तीच चाल भरभर वाजवली, तर माणसं खुर्च्यांवर बसून राहिली. हे मी वडिलांकडून शंभरदा ऐकलं आहे आणि एकशेएकाव्यांदा लिहिताना छाती फुगते.

कलम चार. गुरुशांत. १९७१ साली एका गिरणीच्या वार्षिक समारंभात त्याने मध्येच ट्रंपेटवर चाल दुप्पट वेगाने पळवली. कुठूनतरी तीच तबकडी खऱ्या वेगात ऐकून आला होता. भर स्टेजवर म्हणाला, "काका, पस्तीस वर्षं आपण चुकीचं वाजवतोय की!" लोक हसले. वडिलांनी क्लॅरनेट पेटीत ठेवलं, ते पुन्हा काढलं नाही. बँड तिथेच संपला. तेव्हापासून मी गुरुशांतशी बोललो नाही.

आता मी गेल्यावर 'चुकीचा वाजवणारा बँड' एवढंच मागे राहील, हे मला सहन होत नाही. म्हणून लिहून ठेवतो: चूक ग्रामोफोनची होती, चाल आमची आहे. पण मी ड्रमवाला; फुंकायचं कसं, ते आरोहीला शिकवू शकत नाही. त्या बँडातला फुंकणारा आता एकच जिवंत आहे. म्हणून वडिलांची वही गुरुशांतला, त्याने आरोहीला संथ चाल शिकवावी या अटीवर.

कलम पाच. वरच्या कलमात बदल. वहीचा निरोप गेल्यावर गुरुशांत काल स्वतः आला. काठी टेकत, चपला बाहेर काढून. कलम चार त्याने दोनदा वाचलं आणि साक्षीदारांच्या जागेसाठी पेन मागितलं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, एकच काय ते ठरवा.

गुरुशांत म्हणाला, "वही पोरीला द्या, अण्णा. मला वहीची गरज न्हाय, समद्यांचे भाग तोंडपाठ हायत. मला सही करायची हाय."

म्हणून वहीसुद्धा आरोहीला. तिची शिकवणी सोमवारपासून.

सोलापूर, १२ डिसेंबर २०२५.

लिहून ठेवणार: राजशेखर बसप्पा कलशेट्टी

साक्षीदार:
१. डॉ. राजेश्वरी म्हेत्रे, बाळीवेस
२. गुरुशांत वीरभद्रप्पा कलशेट्टी, ट्रंपेट, श्री बसवेश्वर डान्स बँड. कलम चार वाचलं. काकांची चाल बरोबर होती.