मास्तरांची बातमी सत्तावीस तारखेपर्यंत घरी न कळवण्याबाबत

दिनांक: २५ डिसेंबर, सकाळ

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय

विषय: वडिलांच्या निधनाची सूचना घरच्या फोनवर न देण्याबाबत.

संदर्भ: मृतदेह सत्तावीस तारखेपर्यंत शवागारात ठेवावा, असे काल सकाळी मी सहीनिशी लिहून दिलेले पत्र.

महोदय,

मी खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त ग्रंथपाल, आपणास एक विनंती करू इच्छितो. ती वाजवी आहे की नाही याची मला स्वतःलाच खात्री नाही. तरी कृपया शेवटपर्यंत वाचावी.

१. माझे वडील, निवृत्त कवायत-शिक्षक, काल सकाळी आपल्या रुग्णालयात वारले. त्यांना सगळेच मास्तर म्हणत, आम्ही मुलेसुद्धा. त्या वेळी त्यांच्यापाशी मी एकटा होतो. परिचारिकाबाईंनी कागद पुढे केला आणि मी संदर्भात दिल्याप्रमाणे लिहून सही केली. त्या म्हणाल्या, "इतके दिवस कशाला, काका? घरी माणसं नाहीत का?" घरी माणसे नसती तर मी त्यांना लगेच घेऊन गेलो असतो, हे मला त्यांना समजावता आले नाही.

२. वस्तुस्थिती अशी की नाताळासाठी सारे गणगोत आईवडिलांच्या घरी जमले आहे. मुले, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे. जिन्याखालीसुद्धा गादी घातली आहे. इतके सगळे एकदम येण्याचा योग पुष्कळ वर्षांनी आला, आणि तो आईने जुळवून आणला. आई नव्वदीला टेकली आहे. काल मी परतलो तेव्हा ती पीठभरल्या हातांनी दारात उभी होती. "कसे आहेत?" तिने विचारले. मी म्हणालो, "झोपलेत." पुढचे सर्व त्या एका शब्दातून उद्भवले आहे.

३. आईने काल दुपारी मास्तरांसाठी डब्यात सूप दिले. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागले असते. ते मी आपल्या शवागारासमोरच्या बाकावर बसून प्यालो. ओतून देणे मला जमले नाही, कारण ते तिने पहाटे उठून केले होते. डबा नळावर धुऊन परत नेला. आईने तो उघडून पाहिला आणि म्हणाली, "सगळं संपवलं? बरं झालं." त्यानंतर माझ्या सर्वांत धाकट्या नातीने रंगवलेले शुभेच्छापत्र मला पोहोचवावे लागले. त्यावर तारा आहे आणि शिट्टी फुंकणारे मास्तर आहेत. आपल्या शवागारातील सेवकाने काही न विचारता ते मास्तरांच्या खणाच्या दाराला चिकटवले. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, ते या अर्जाद्वारे मानतो. "मास्तरांना आवडलं का?" असे नातीने विचारले. आवडले, असे मी सांगितले.

४. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी सांगितले, की नियमानुसार मृताच्या पत्नीस फोनवर कळवणे बंधनकारक आहे. आमचा फोन बैठकीच्या खोलीत असतो आणि तो उचलण्यासाठी सध्या पोरांची शर्यत लागते. ही सूचना सत्तावीस तारखेपर्यंत थांबवावी, एवढीच माझी विनंती. सव्वीसला सगळे परत जातील. मग मी आईला सांगेन. कसे, ते अद्याप ठरलेले नाही.

हा अर्ज मी न्हाणीघराची कडी लावून लिहीत आहे, कारण घरात दुसरी मोकळी जागा नाही. माझा धाकटा भाऊ बाहेरून दार बडवत आहे. घरात मला पुस्तक म्हणतात. "पुस्तक, आत कादंबरी लिहितोयस का? मागे रांग लागलीय!" तरी अक्षराबद्दल क्षमा असावी.

दिनांक: तोच, दुपार

महोदय, वरील मजकुरावर सही करण्यापूर्वी मला जेवायला बोलावण्यात आले. त्यानंतर जे घडले त्यामुळे माझी विनंती बदलली आहे. वरचा भाग फाडून टाकावा असे मनात आले होते. परंतु तीही विनंती माझीच होती, ती आपल्यापासून लपवणे बरे नव्हे.

५. आमच्या घरी एक रीत आहे, ती सांगितल्याखेरीज पुढचे ध्यानात येणार नाही. नाताळच्या जेवणाआधी मास्तर टेबलाच्या टोकाशी उभे राहून हजेरी घेतात. घरातल्या प्रत्येकाला त्यांनीच एकेक नाव ठेवले आहे आणि हजेरी त्याच नावाने होते. मी पुस्तक. धाकटा भाऊ बस चालवतो, त्याचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जातो, म्हणून तो भोंगा. बहिणीचे यजमान नळकाम करतात, ते पाना. जो आलेला नसेल तो कुठे आहे हे दुसऱ्या कोणीतरी सांगायचे. हयात माणसांच्या शेवटी मास्तर स्वतःचे नाव घेतात आणि स्वतःच "हजर" म्हणतात. त्यानंतर घरातल्या वारलेल्यांची नावे येतात, आणि प्रत्येक नावाला आई "देवाकडे" असे उत्तर देते. हजेरी पुरी झाल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नाही.

६. आज आई म्हणाली, "मास्तर नाहीत, तर थोरल्यानं घ्यायची हजेरी." मला चार माणसांसमोर बोलता येत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. भोंगा म्हणाला, "जरा मोठ्यानं घे रे, हे वाचनालय नाही!" सगळे हसले. मीही हसलो असेन. मनाशी मी ठरवले होते की मास्तरांचे नाव गाळायचे. त्याप्रमाणे ते आले तेव्हा मी ते गाळले आणि घाईने वारलेल्यांकडे वळलो. थोरले काका. देवाकडे. काकू. देवाकडे. तान्हेपणी गेलेली आमची बहीण, जिला मास्तरांनी चिमणी म्हटले होते. देवाकडे. इथे मी थांबायला हवे होते. परंतु माझ्या तोंडून पुढचे नाव निघून गेले. मी म्हणालो, "मास्तर."

७. ज्याचे बोलणे शेजाऱ्यांना ऐकू जाते, तो माझा भाऊ कुजबुजला, "पुस्तक, ओळ चुकली तुझी." त्याने मला वाट करून दिली होती, हे आता कळते. हो, चुकली, एवढेच म्हणायचे होते. ते मला म्हणता आले नाही. मी ताटातल्या काट्याकडे पाहत उभा राहिलो.

८. उत्तर आईनेच दिले. पण ती "देवाकडे" म्हणाली नाही. ती म्हणाली, "दवाखान्यात. अजून आणलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सूप संपलेलं पाहिलं तेव्हाच कळलं मला. सूपातला कांदा ते बाजूला काढून ठेवतात. सत्तर वर्षं डब्याच्या तळाशी कांदा परत येतोय. आणि धुतलेला डबा? त्यांनी जन्मात कधी डबा धुतलाय का, वेड्या?" बहिणीने रडतच विचारले, "मग काल का नाही बोललीस, आई?" आई म्हणाली, "पोरं एवढ्या लांबून आलीत. दोन घास खाऊ देत म्हटलं."

महोदय, एकाच घरात, एकाच कारणासाठी, आम्ही दोघे रात्रभर एकमेकांपासून तेच लपवत होतो. माझ्या लपवण्याने तिचे काहीही वाचले नाही. उलट तिला ते एकटीने सोसावे लागले, आणि वर माझ्याकडे पाहून बरे झाले असेही म्हणावे लागले. मी आयुष्यभर पुस्तके वाचली. सूपातला कांदा मात्र माझ्या लक्षात आला नाही.

९. त्यानंतर आई म्हणाली, "आत्ता आणा त्यांना. सगळे आहेत तोवर आणा. सत्तावीसला आणून दाखवायचे कुणाला, मला आणि तुला?" ते खरे आहे. भोंग्याची ड्युटी उद्या पहाटेची आहे. परदेशी राहणाऱ्या पुतणीचे विमान उद्याचे आहे. ज्या दिवसापर्यंत मी मास्तरांना आपल्याकडे ठेवायला सांगितले, त्या दिवशी त्यांना खांदा द्यायला घरात मी एकटा असेन.

१०. पाना यांनी लगेच आपल्या रुग्णालयात फोन केला. उत्तर मिळाले की कार्यालय सुट्टीमुळे बंद आहे, सत्तावीसची नोंद झालेली आहे, आणि ती बदलायची तर ज्याने सही केली त्यानेच अर्ज करावा व साहेबांची परवानगी आणावी. भोंगा दाराबाहेर जाऊन शिव्या देऊन आला. माझ्यावर मात्र कोणी ओरडले नाही. ओरडले असते तर बरे झाले असते.

११. सबब, वरील परिच्छेद ४ मधील विनंती मी मागे घेत आहे. संदर्भित पत्र माझ्याच भित्रेपणाचे होते, ते रद्द समजावे, आणि मास्तरांना आज, अंधार पडण्यापूर्वी, आमच्या ताब्यात द्यावे. वाहनाची व्यवस्था आम्ही केली आहे. पाना यांची गाडी अंगणात रिकामी होत आहे. नळ, पाइप व एक वापरलेले बेसिन पायरीवर काढून ठेवले आहे. याबद्दल दंड अथवा शिक्षा असल्यास ती मला एकट्याला करावी.

१२. नियमापुढे माझे म्हणणे टिकेल की नाही, मला ठाऊक नाही. परंतु हजेरी मास्तरांच्या नावापाशी थांबलेली आहे. जेवण वाढलेले आहे आणि निवले आहे. मुलांनासुद्धा कोणी जेवा म्हटलेले नाही, आणि त्यांनीही अजून मागितलेले नाही. आई टेबलाच्या टोकाची खुर्ची भिंतीला लावून तिथे जागा करत आहे.

आपल्या उत्तरासाठी मी कार्यालयाबाहेर, शवागारासमोरच्या त्याच बाकावर बसून राहीन.

आपला नम्र,
(सही)
मयताचा थोरला मुलगा

सोबत:
१. संदर्भित पत्राची माझ्याकडील प्रत.
२. मास्तरांचा काळा कोट व पांढरा शर्ट. इस्त्री आईने आज स्वतः केली आहे. कृपया घडी मोडू नये.
३. शिट्टी, दोरीसह. कोटाच्या डाव्या खिशात ठेवावी.
४. डबीत मास्तरांची कवळी. ती साफ करण्यासाठी घरी आणली होती. मास्तरांना घरी आणण्यापूर्वी बसवावी, असे आईने सांगितले आहे. हजेरीला ती लागते.