खालच्या खोलीचं दार

१४ नोव्हेंबर

ती. दादा,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. तीन वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस, पैसे मागायला लिहीत नाहीये.

आमच्याकडे दोन महिने घरभर सिमेंट आहे. शिवणाचं मशीन मी वरच्या मजल्यावर नेलं. खाली जिथं माझं दुकान होतं तिथं राहायची खोली केली आहे, आणि तिला लागून न्हाणीघर. गिऱ्हाइकं कुरकुरतात, मापासाठी जिना चढायला लावतेस म्हणून. चढू देत, तेवढेच पाय मोकळे होतील.

हे म्हणत होते, थांबू या. फरश्यांचे भाव दर महिन्याला वर, कर्जाचं व्याज वाढलेलं, चांगले गवंडी सगळे मोठ्या इमारतींच्या कामावर. "भाव जरा खाली येऊ देत, मग बघू." मी म्हटलं, भाव येतील खाली, माणसाचं वय येत नाही. मग स्वतःच जाऊन मिस्त्रींना घेऊन आले. माझ्या तोंडी लागायचं नाही हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलंय.

पण हट्ट केला म्हणजे डोळे मिटून केला असं समजू नकोस. स्वयंपाकघर नवं करायचं फार मनात होतं, ते सोडलं. कर्ज काढलं नाही. फरश्या, नळ, पाइप, सगळं काम सुरू व्हायच्या आधीच एकदम आणून पलंगाखाली रचलं, म्हणजे मध्येच भाव चढले तरी आपल्याला झळ नको. मिस्त्रींकडून मजुरी कागदावर लिहून घेतली. ते म्हणाले, "बाई, माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे, बाजारावर नाही." शिवाय थोडे पैसे बाजूला ठेवले, काहीतरी चुकणारच म्हणून.

चुकलंच, आणि चूक माझीच. चाकांची खुर्ची आधीच आणून ठेवली होती. तिचं माप मी घेतलं, माझ्या शिवणाच्या टेपनं. वीस वर्षं गळ्यात लटकून टेप ताणून लांब झालेली, त्यामुळे सत्तावीस इंचांची खुर्ची तिच्यावर सव्वीसच भरली. त्या मापानं चौकट करून घेतली, बसवली, गिलावा झाला, आणि खुर्ची दारातच अडकली. जन्मभर लोकांची मापं घेणारी मी! मिस्त्रींनी लोखंडी टेप लावून बघितली आणि चहा मागितला. बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्यात गेले. भिंत फोडून रुंद चौकट बसवली. काल मी स्वतः खुर्चीत बसून आतबाहेर चार फेऱ्या मारल्या. हे म्हणाले, "तिकीट लावू का?"

खुर्ची कोणासाठी, ते तुला केव्हाच कळलं असेल.

आई पडली तेव्हा तू पहिला फोन मला केला होतास. मी म्हटलं, आमच्याकडे जिना आहे, तिला कसं जमणार. दादा, जिन्याचं काही नव्हतं. खालची खोली तेव्हाही होती. मला दुकान हलवायचं नव्हतं, आणि तिला रोज उचलायचं, धुवायचं, याची मला भीती वाटली. मी खोटं बोलले. तू बोलणं टाकलंस, बरोबर केलंस. वहिनींनी जे तीन वर्षं केलं ते मी करायचं होतं. लाज वाटते लिहिताना, पण लिहिते.

माफी मागून मोकळं व्हायचं नाहीये मला. येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन येते. आईला आधी सगळं सांगून ठेव, दुकानाचंही, काही लपवू नकोस. ती नको म्हणाली तर तिच्याजवळ दिवसभर बसेन आणि पुढच्या रविवारी परत येईन. त्याच्या पुढच्याही येईन. मी किती चिवट आहे ते तिला चांगलं माहीत आहे, तिचीच मुलगी आहे.

वहिनींना माझा निरोप दे. म्हणावं, रविवारी आईला आंघोळ घालू नका. ती मी घालीन.

उशिरा का होईना, निघालेली
तुझी धाकटी